तळे राखायचे तर आधी डोंगर राखा
गावच्या तळ्यावर पाहुणे बोलावण्यापूर्वी पाणलोटाचा नकाशा का काढावा आणि कसा काढावा

वाचकहो, तुमच्या गावाला तळे आहे काय? ७२च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर खोदलेला पाझर तलाव असेल, देवळापुढचे जुने घडीव तळे असेल, नाहीतर भंडारा-गोंदियाकडचा मालगुजारी तलाव असेल. केंद्राच्या जलशक्ती मंत्रालयाने २०२३ साली देशातल्या जलाशयांची पहिली गणना प्रसिद्ध केली. तिच्यात देशभर २४ लाखांहून अधिक जलाशय मोजले गेले आणि त्यांतले शेकडा ९७ खेड्यांत निघाले. एकट्या महाराष्ट्रात ही संख्या ९७ हजारांच्या घरात आहे. म्हणजे पाण्याची ही दौलत शहरवाल्यांची नसून तुमची आहे.

आणि दौलत म्हटली की तिच्यावर डोळा ठेवणारेही आलेच. कोणी शहाणा पाहुणा बांधावर उभा राहतो, चहूकडे पाहतो आणि म्हणतो, "काय सुंदर जागा आहे! दोन होड्या सोडा, चार झोपड्या बांधा, भज्यांची गाडी लावा. शहरातली माणसे रांग लावतील." त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून शेतावर आणि तळ्याकाठी पाहुणे ठेवून चार पैसे मिळविणारी कुटुंबे खेडोपाडी दिसू लागली आहेत. पण ग्रामसभेत ठरावाला हात वर करण्यापूर्वी एक काम करा. तळ्याला पाणी कोठून येते, कोणाकोणाच्या रानातून येते आणि येताना काय घेऊन येते, याचा नकाशा काढा. तो का काढायचा, हे ठाण्याच्या तलावांकडे पाहून चांगले समजते.

तलावांच्या शहरातील गोष्ट

ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. पूर्वी तेथे साठेक तलाव होते असे जुनी माणसे सांगतात; आज महापालिकेच्या यादीत पस्तीसच्या आसपास उरले आहेत. स्टेशनाजवळचा मासुंदा तलाव ठाणेकरांना तलावपाळी या नावाने ठाऊक आहे. एका बाजूला कोपिनेश्वराचे देऊळ, जवळच १९७८ साली उघडलेले गडकरी रंगायतन, पाण्यात होड्या आणि संध्याकाळी काठावर माणसांची जत्रा. कचराळी तलावाला लोक सकाळी फेऱ्या मारतात. कल्याण-शीळ रस्त्यावरचा खिडकाळीचा तलाव महादेवाच्या देवळामुळे नांदता आहे. कल्याणात काळा तलाव आहे. ही सारी एके काळी गावांची तळी होती. गुरे त्यांवर पाणी पीत, बाया धुणी धूत आणि भोवती भातशेती होती. शहर वाढत वाढत त्यांच्या काठाशी आले, आणि पुष्कळ ठिकाणी काठ ओलांडून आतही गेले.

आपल्या कामाचा खरा धडा मात्र वर्तकनगराच्या अंगाला आहे. स्टेशनाकडून येऊरच्या डोंगराकडे निघालात की वाटेत वर्तकनगरची वस्ती लागते. तेथले दोन मोठे रस्ते पोखरण रोड नंबर एक आणि पोखरण रोड नंबर दोन या नावांनी ओळखले जातात. पोखरण म्हणजे पुष्करिणी, अर्थात तळे. रस्त्याच्या नावातच पाणी आहे. रोज त्यावरून जाणाऱ्यांपैकी किती जणांच्या ते ध्यानात येत असेल कोण जाणे! याच भागात डोंगराच्या पायथ्याशी उपवन तलाव आहे. एके काळी ठाणे शहराला पिण्याचे पाणी या तलावातून मिळत असे. आज ते पाणी कोणी पीत नाही. काठ मात्र सजला आहे. फिरायला वाट आहे, गणपतीचे देऊळ आहे, उत्सव होतात आणि सुट्टीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते.

आता शेतकऱ्याच्या नजरेने पाहा. उपवनचे पाणी उपवनात जन्मत नाही. ते येऊरच्या डोंगरउतारावर पडते आणि ओहोळांवाटे खाली येते. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तेथे झाडे आहेत, पाचोळा आहे, आदिवासींचे पाडे आहेत. डोंगरावर रान टिकून आहे तोवर पावसाचे पाणी गाळून, थांबत थांबत उतरते. पण त्याच डोंगरावर बंगले झाले, जेवणावळीची ठिकाणे झाली, आणि खाली तलावाला लागून वस्ती दाटली. काठावर फरशी बसविणे सोपे असते, कारण ते एका ठेक्यात होते. डोंगर राखायचा तर वन खाते, महापालिका, पाड्यांतली माणसे आणि बंगलेवाले या साऱ्यांना एका नकाशाभोवती बसवावे लागते. २०१६ साली या राष्ट्रीय उद्यानाभोवतीचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून केंद्र सरकारने जाहीर केला, तो असाच एक नकाशा आहे. काठाची शोभा आणि पाण्याची प्रकृती या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एवढे येथे ध्यानात घ्या.

एकच पाऊस, तीन नशिबे

येऊरच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला मुंबईचे तीन जुने तलाव आहेत. विहार १८६० साली पुरा झाला, तुळशी १८७९ साली, आणि पवई त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. तिन्ही मुंबईला पाणी पाजण्यासाठीच बांधले. विहारचा पाणलोट सुमारे १९ चौरस किलोमीटर आहे. तुळशीचा पावणेसात आणि पवईचा साडेसहाच्या वर थोडा. म्हणजे तुळशी आणि पवई यांचे पाणलोट जवळजवळ सारखे. शेजारही एकच आणि आभाळही एकच.

पण तुळशीचा पाणलोट जंगलात राहिला. तेथे वस्ती होऊ दिली नाही, वाटेल त्याला जाऊ दिले नाही. आज दीडशे वर्षांच्या जवळ आले, तरी तुळशी आणि विहारचे पाणी मुंबईला पिण्यासाठी जाते. पवईच्या पाणलोटात मात्र पुढे घरे, रस्ते आणि सांडपाणी आले. आज ते पाणी पिण्याच्या लायकीचे नाही आणि पवईला जलपर्णीने वर्षानुवर्षे छळले आहे. जलपर्णी ही दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती. ती अशी माजते कशी? तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला सांगायला नको. खत मिळाल्याशिवाय पीक माजत नाही. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असते, तेच तिचे खत. तुमच्या शिवारातून पहिल्या पावसाबरोबर वाहून जाणारा युरिया तळ्यात गेला, तर तेथेही हेच होईल.

हिरवे शेवाळ माजले की आणखी एक संकट येते. दिवसा उन्हात ते पाण्यात प्राणवायू सोडते, पण रात्री तेच प्राणवायू ओढून घेते. कुजणाऱ्या घाणीलाही तो लागतोच. म्हणून पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी असतो. मासे वर येऊन आ वासतात आणि सकाळी काठावर मेलेल्या माशांचा खच दिसतो. लोक म्हणतात कोणी विष घातले. विष पुष्कळदा वरूनच थोडे थोडे आलेले असते.

पवईची गोष्ट येथेच संपत नाही. २०२१ साली मुंबई महापालिकेने पवईच्या काठाने लोकांना सायकल फिरविण्यासाठी आणि धावण्यासाठी वाट बांधायला घेतली. हेतू करमणुकीचाच होता. पण ही वाट पाण्याच्या जागेत भर घालून होत आहे म्हणून काही जण न्यायालयात गेले. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरविले आणि बांधलेले काढून जागा पूर्ववत करण्यास सांगितले. काम झाले, मोडले, पैसाही गेला. पाण्याची हद्द कोठपर्यंत हे आधी नकाशावर पक्के केले असते, तर हा खटाटोप वाचला असता. महापालिकेला हा फटका सोसला. तुमच्या ग्रामपंचायतीला सोसेल काय?

पाणलोट म्हणजे काय?

शब्दच पाहा. पाणी जिकडून लोटत येते तो पाणलोट. घराचे छप्पर डोळ्यांपुढे आणा. आढ्याच्या एका बाजूला पडलेला थेंब पुढच्या पागोळीला जातो, दुसऱ्या बाजूचा मागच्या पागोळीला. डोंगराचा माथा म्हणजे आढे. ज्या माथ्यांवरून पाणी तुमच्या तळ्याकडे वळते, ते सारे माथे एका रेघेने जोडले की आतले क्षेत्र हा तुमच्या तळ्याचा पाणलोट. या रेघेला गावची शिव कळत नाही. पाणलोट तुमचा असला तरी जमीन शेजारच्या गावची असू शकते.

हिशेबही सोपा आहे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. ठाण्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे हेक्टरी अडीच कोटी लिटर. ७०० मिलिमीटरच्या मुलखात तेच ७० लाख लिटर. यातले काही मुरते, काही उडून जाते, उरलेले तळ्याकडे वाहते. उतार उघडाबोडका असेल तर पाणी धावत येते आणि माती घेऊन येते. त्या मातीने तळे भरते आणि वरचे शेत झिजते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? तळ्याचा आड म्हणजे त्याचा डोंगर.

नकाशा काढायचा कसा?

यासाठी मोठा इंजिनिअर लागत नाही. शाळेतले मास्तर, दोन-चार कॉलेजात शिकणारी मुले, गुराखी आणि एखादा जुना जाणता एवढी माणसे पुरेत. गुराख्याला वगळू नका. पाण्याच्या वाटा त्याच्याइतक्या कोणालाच ठाऊक नसतात.

पहिल्याने गावचा गटवार नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळवा. त्याच्या जोडीला भारतीय सर्वेक्षण विभागाचा पन्नास हजारांस एक या प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यावर तपकिरी समोच्च रेषा असतात. एकाच उंचीच्या जागा जोडणारी ती रेघ. सामान्यतः दोन रेघांत वीस मीटर उंचीचा फरक असतो. रेघा दाटल्या तेथे उतार तीव्र. रेघेचे टोक चढाच्या बाजूस आत शिरलेले दिसले की तेथे ओढा समजा, आणि उताराच्या बाजूस बाहेर आलेले दिसले की ती सोंड. तळ्याच्या बांधापासून सुरुवात करून सोंडेसोंडेने माथ्यावर चढा, माथ्यामाथ्याने फिरा आणि बांधाच्या दुसऱ्या टोकाला उतरा. ही झाली पाणलोटाची रेघ.

क्षेत्र काढायला आलेखाचा कागद वापरा. या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर. दोन मिलिमीटर बाजूचा एक चौकोन म्हणजे बरोबर एक हेक्टर. रेघेच्या आतले चौकोन मोजा, अर्धेमुर्धे जोडून घ्या, झाले काम. मुलांच्या मोबाइलमध्ये उपग्रहाची चित्रे असतात. ती जरूर पाहावीत. पण चित्र हा पुरावा नव्हे. एकदा भर पावसात रेघेवरून चालून या. पाणी खरोखर कोणीकडे वळते हे तेव्हाच कळते. कोठे रस्त्याच्या भरावाने ओढा वळलेला असतो, कोठे मोरी बुजलेली असते. कागदावर त्याचा पत्ता नसतो.

राज्यातही असे काम झालेले आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने महाराष्ट्राचे दीड हजारांहून अधिक पाणलोट पाडले आहेत, आणि नागपूरचे सुदूर संवेदन केंद्र उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे तयार करते. आपले तळे कोणत्या पाणलोटात पडते, हे यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारा.

मग नकाशात रंग भरा. रान हिरवे, शेती पिवळी, पडीक तांबूस. घरे, गोठे, उकिरडे, संडास, दगडाच्या खाणी आणि कुक्कुटपालनाच्या शेडी काळ्या ठिपक्यांनी दाखवा. तळ्याभोवती तीन रेघा काढा: वैशाखातले पाणी, भरलेले पाणी, आणि जाणत्या माणसांच्या आठवणीतला सर्वांत मोठा पूर. पहिल्या दोन रेघांमधली जागा गाळपेऱ्याची. ती कोण करतो, गुरे कोठे उतरतात, बाया धुण्याला कोठे बसतात, जाळी कोठे पडतात, पक्षी कोठे घरटी करतात, तेही मांडा. हे मांडताना बायांना जरूर बोलवा. पुरुषांच्या नकाशात धुण्याचा घाट बहुधा राहून जातो.

पाहुण्यांना जागा कोठे द्यावी?

नकाशा पुरा झाला की पुष्कळ भांडणे आपोआप मिटतात. काही नियम मात्र पक्के धरा.

मोटारी, खाण्याच्या टपऱ्या आणि संडास पाणलोटाच्या रेघेबाहेर ठेवा. बांधाच्या खालच्या अंगाला जागा असेल तर उत्तम. मात्र तेथे विहिरी असतील तर शोषखड्डा त्यांच्यापासून दूर घ्या, कारण पाझर तलावाचे पाणी त्याच विहिरींत उतरते. बांधावर मोटार नेऊ नका. सांडव्याची वाट कधीही अडवू नका. दहा वर्षे कोरडा दिसणारा सांडवा अकराव्या वर्षी बांध वाचवितो.

पाहुण्यांचा काठ आणि बायांचा घाट निरनिराळा असावा. गुरांची उतरंड मोडू नये. पक्ष्यांच्या कोपऱ्याकडे वाट काढू नये. दुरून पाहायला एक मचाण पुरे. गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असे सांगतात. भोवती डोंगर आणि रान आहे म्हणून हिवाळ्यात तेथे परदेशी पक्षी उतरतात, आणि पक्षी उतरतात म्हणून माणसे जातात. डोंगर उघडा पडला तर तेथे पाहायला काय उरेल?

होड्या सोडायच्या तर आधी खोली मोजा. दोरीला फुटाफुटावर गाठ मारून दगड बांधा आणि तराफ्यावरून सोडत जा. गाळ कोठे आहे, जुन्या विहिरीचा खड्डा कोठे आहे, हे नकाशावर लिहा. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटून बारा मुले आणि दोन शिक्षिका बुडाल्या. म्हणून प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट हवे आणि होडीत ठरल्याहून एकही माणूस जास्त नको. पाहुणा रागावून परत गेला तरी चालेल.

कागद आणि कायदा

तळे कोणाच्या मालकीचे हे सात-बारावर पाहा. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव सामान्यतः जिल्हा परिषदेकडे असतात. त्यांच्या परवानगीवाचून होडी सोडता येत नाही. मासेमारीचा ठेका संस्थेकडे असेल तर तिला आधी बोलवा. धिवर, कोळी, कातकरी यांची चूल त्या पाण्यावर पेटते. त्यांना बाजूला सारून केलेली करमणूक टिकत नाही.

२०१७ च्या पाणथळ नियमांप्रमाणे, ज्या जागांना ते लागू आहेत तेथे कचरा टाकणे आणि सांडपाणी सोडणे बंद आहे, आणि गेल्या दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत होडीच्या धक्क्याखेरीज पक्के बांधकाम करता येत नाही. पिण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव या व्याख्येत धरलेले नाहीत. म्हणून आपले तळे कोठे बसते हे तहसील कार्यालयात लेखी विचारून घ्या. आणि नियम लागू नसला तरी पन्नास मीटर सोडण्यात शहाणपणच आहे. गावच्या सामाईक तळ्यावरील अतिक्रमणे हटवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये सर्व राज्यांना बजावले आहे. कोणी तळ्याचा कोपरा बुजवू लागला तर तुमच्या हातचा नकाशा हेच तुमचे हत्यार.

शेवटी पैशाची गोष्ट. पाहुण्यांकडून जे येईल त्यातला ठराविक वाटा वरच्या उतारावर खर्च झाला पाहिजे, असे ठरावातच लिहून ठेवा. समतल चर, दगडी बांध, गवत, झाडे आणि गाळ काढणे यांसाठी तो पैसा. गाळ तुमच्याच शेतात जाईल, तोही तोटा नाही. वरच्या गावची माणसे रान राखतात, म्हणून खालच्या गावाच्या होड्या तरंगतात. तेव्हा त्यांच्या पोरांनाही तेथे काम मिळावे. नाहीतर ती रान का राखतील?

'तळे राखील तो पाणी चाखील' ही म्हण आपण पुष्कळदा वाकड्या अर्थाने घेतो. राखणारा थोडे चोरणारच, असा. सरळ अर्थ याहून चांगला आहे. जो राखतो त्याचाच चाखण्याचा हक्क. येत्या मृगापूर्वी नकाशाचा कागद घेऊन बसा आणि पहिला मोठा पाऊस आला की छत्र्या घेऊन माथ्यावर चढा. तो नकाशा शाळेच्या आणि पंचायतीच्या भिंतीवर लावा, म्हणजे पोरांनाही आपले पाणी कोठून येते ते कळेल. मग पाहुण्यांना खुशाल बोलवा.